ओतूरच्या पत्रापासून हातातल्या फोनपर्यंत



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत वार्षिक अहवाल, पाककृती, ओव्या आणि देणगीदारांची यादी यांच्या सोबतीला एखादा इतिहासाचा लेख असावा, असे आपल्या कार्यकारिणीने ठरविले आणि ते काम माझ्याकडे आले. विषयही त्यांनीच सुचविला. व्हॉट्सॲप, फेसबुक वगैरे समाजमाध्यमांमुळे आपला, विशेषतः स्त्रियांचा, राजकारणातील सहभाग वाढला की काय, ह्याचा विचार करावयाचा. विषय आजचा, मग त्यात इतिहास कोठून आला, असे कोणी विचारील. माझे माहेर ओतूरचे आणि सासर मंचरचे. जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत बातमी कशी येत गेली आणि ती ऐकून माणसे कशी हलली, ही हकीकत जवळजवळ दीडशे वर्षांची आहे. ती एकदा डोळ्यांखालून घातल्याशिवाय हातातल्या यंत्राची खरी किंमत आपल्याला ठरविता येणार नाही, असे मला वाटते.

आरंभीच एक खुलासा करते. राजकारण म्हटले की आपल्यापैकी पुष्कळजणी कानावर हात ठेवतात. निवडणूक, पक्ष, झेंडे आणि भांडणे एवढाच त्याचा अर्थ त्या घेतात. परंतु नळाला पाणी किती वाजता सोडावे, रेशनच्या दुकानात धान्य का आले नाही, शाळेच्या वाटेवर दिवा कोठे हवा, हे जेथे ठरते तेही राजकारणच होय. आणि हे सगळे आपल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचणारे आहे. ह्या लेखात राजकारण हा शब्द मी ह्याच अर्थाने वापरते.

आता मूळ हकीकतीकडे वळू. १८७६ साली दख्खनमध्ये जो दुष्काळ पडला तो १८७८ पर्यंत हटला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८७५ च्या मे महिन्यात, सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले होते. अशा तापलेल्या मुलखात सत्यशोधक समाजाची माणसे दुष्काळग्रस्तांना मदत करीत हिंडत होती. जोतीराव फुल्यांनी हा समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केला होता. मदतीसाठी हिंडणाऱ्या ह्या माणसांत सावित्रीबाई फुले होत्या. त्यांनी जोतीरावांना लिहिलेली जी पत्रे आज उपलब्ध आहेत, त्यांपैकी २० एप्रिल १८७७ चे पत्र आपल्या ओतूरहून लिहिलेले आहे.

ते पत्र घरगुती नव्हे. पतीची प्रकृती विचारून आणि आपली खुशाली कळवून बाई थांबलेल्या नाहीत. जनावरे मरून पडत आहेत, चारापाणी नाही, माणसे गाव सोडून चालली आहेत, हे त्या डोळ्यांनी पाहून लिहितात. मदतीसाठी समाजाच्या माणसांनी कमिट्या केल्याचे त्या कळवितात. सावकारांच्या वागणुकीमुळे दंग्याची पाळी आली, पन्नास सत्यशोधकांना पकडण्यात आले, तेव्हा आपण स्वतः कलेक्टरांशी बोललो, माणसे सुटली आणि कलेक्टरांनी चार गाड्या ज्वारी पाठविली, असेही त्या सांगतात. बाईमाणसाने घराबाहेर पडून अक्षर गिरविले तरी शेण-माती अंगावर पडण्याचे ते दिवस. आणि ही बाई ओतूरला बसून दुष्काळाचे बातमीपत्र लिहिते, इंग्रज अधिकाऱ्यासमोर उभी राहते.

ह्या एका पत्रात मला तीन पायऱ्या दिसतात. पहिली बातमी, म्हणजे काय घडते आहे हे कळणे व कळविणे. दुसरी बैठक, म्हणजे त्या बातमीवर चार माणसांनी एकत्र बसून विचार करणे. त्या कमिट्या म्हणजे ह्या बैठकाच होत्या. आणि तिसरी पायरी बोलण्याची, म्हणजे ज्याच्या हाती अधिकार आहे त्याच्यासमोर जाऊन आपली गोष्ट मांडणे. ह्या तिन्ही पायऱ्या चढल्या तेव्हा ज्वारीच्या गाड्या आल्या. पुढे जी जी नवी माध्यमे आपल्या भागात आली, त्यांना मी ह्याच तीन पायऱ्यांच्या मापाने मोजणार आहे.

सावित्रीबाईंच्या पत्राचेच ते वर्ष. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र काढले. १८८० मध्ये ते मुंबईला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेले आणि गिरणी कामगारांची गाऱ्हाणी त्यातून सरकारच्या कानावर जाऊ लागली. १९१० साली मुकुंदराव पाटील यांनी ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केले, ते तर शेजारच्या नगर जिल्ह्यातील सोमठाणे आणि मग तरवडी ह्या खेड्यांतून. शहरातून खेड्याकडे पत्र यावयाचे, हा रिवाज त्यांनी उलटा केला. खेड्यातल्या माणसाने खेड्यात छापलेले पत्र वाचावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

परंतु हे पत्र वाचणार कोण? १९०१ च्या खानेसुमारीत सबंध देशात लिहिता-वाचता येणाऱ्या स्त्रिया हजारात सहा होत्या. एक जण वाची आणि बाकीचे ऐकत, असाच तेव्हाचा परिपाठ होता. हे वाचन चाले चावडीत किंवा पारावर, आणि चावडी व पार ह्या पुरुषांच्या जागा. बातमी गावात आली तरी ती घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबे. आत पोहोचे ती कोणाच्या तरी तोंडून, आणि तीही जेवढी सांगावीशी वाटे तेवढीच.

वाचता न येणाऱ्यांसाठी सत्यशोधकांनी जलसा उभा केला. तो तमाशाच्याच घाटाचा. ढोलकी, तुणतुणे, गण, सवाल-जवाब सारे ओळखीचे. आतला मजकूर मात्र सावकारी, शिक्षण, उधळपट्टी आणि अंधश्रद्धा ह्यांचा. आपले नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. यात्रांच्या हंगामाआधी तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी सुपाऱ्या द्यायला येतात, हे आपण दरवर्षी पाहतो. तेव्हा ह्या माध्यमाची ताकद आपल्याला कोणी समजावून सांगावयास नको. तरीही त्या जलशात स्त्रियांची सोंगे पुरुषच घेत. पुढे तमाशाच्या रंगमंचावर नारायणगावच्या विठाबाईंनी नाव केले, १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. परंतु रंगमंचावर जागा मिळणे निराळे आणि गावच्या सभेत बोलावयास मिळणे निराळे.

मताचा हक्क आपल्याला फार भांडावे न लागता मिळाला, असे म्हणतात. ते पुरते खरे नाही. मुंबई इलाख्यात कौन्सिलसाठी स्त्रियांना मत १९२१ साली मिळाले. पण मालमत्ता असलेल्या मूठभर बायकांनाच त्याचा उपयोग होता. स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली आणि प्रत्येक सज्ञान स्त्री मतदार झाली. त्या वेळची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. उत्तरेकडील व मध्य भारतातील काही राज्यांत लाखो बायकांनी मतदारयादीत आपले नावच सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच त्या सांगत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी निश्चय केला की नाव नाही तर नोंद नाही. सुमारे अठ्ठावीस लाख नोंदी गाळण्यात आल्या. पुढल्या निवडणुकीस मात्र बायकांनी आपली नावे सांगितली. आपले नाव आपल्या तोंडाने सांगणे, ही राजकारणातील स्त्रीची पहिली पायरी होय. तेव्हाही आणि आजही.

आपल्या जिल्ह्यात त्यानंतर थोड्याच वर्षांत ह्याहून मोठे पाऊल पडले. बारामती तालुक्यातील निंबुत गावी १९६३ च्या सुमारास सगळी ग्रामपंचायत स्त्रियांची झाली. तेव्हा आजच्यासारख्या राखीव जागा नव्हत्या, फोन नव्हते, गावात वर्तमानपत्रही जेमतेम येत असेल. गावाने एकत्र बसून ठरविले आणि ते घडले.

आता रेडिओकडे येते. पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल ह्या महिन्यांत तेथून एक प्रयोग करण्यात आला. त्याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असेल. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर ह्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे केली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, शेती व गावच्या प्रश्नांवर कार्यक्रम लागे. असे वीस कार्यक्रम झाले. मंडळातील माणसांनी कार्यक्रम एकत्र बसून ऐकावयाचा, संपल्यावर त्यावर चर्चा करावयाची, काय करता येईल ते ठरवावयाचे आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून कळवावयाचे, असा नियम होता.

युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या ह्या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. पॉल न्यूराथ नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी ती चालविली. पाहणी करणाऱ्यांनी मोठ्या चतुराईने तीन प्रकारची गावे तपासली: मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली. निष्कर्ष असा निघाला की जेथे मंडळ होते तेथील लोकांच्या माहितीत पुष्कळ भर पडली. जेथे नुसता रेडिओ होता तेथे त्या मानाने फारच थोडी. आवाज तोच, कार्यक्रम तोच, यंत्र तेच. फरक होता तो एकत्र बसण्याचा आणि बोलण्याचा. मला वाटते, आज आपण ज्या प्रश्नाशी झगडतो आहोत त्याचे निम्मे उत्तर सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात मिळून गेले होते.

त्यानंतर दूरदर्शन आले, घरोघरी तारेचे फोन आले, आणि मग हा हातातला फोन. त्याचा प्रताप जगाने २०११ साली पाहिला. त्या वर्षी जानेवारीत अस्मा महफूझ नावाच्या तरुण मुलीने इजिप्तमध्ये एक चित्रफीत फेसबुकवर टाकली. मी २५ तारखेला तहरीर चौकात जाणार आहे, तुम्हीही या, असे तिचे आवाहन होते. लाखो माणसे रस्त्यावर आली आणि ११ फेब्रुवारीला होस्नी मुबारक यांना सत्ता सोडावी लागली. त्याच वर्षी ५ एप्रिलला अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले. अण्णांचे राळेगणसिद्धी पारनेर तालुक्यातले, म्हणजे जुन्नरच्या शिवेपलीकडचे. त्या आंदोलनात एका क्रमांकाला नुसती मिस्ड कॉल देऊन पाठिंबा नोंदविण्याची युक्ती निघाली. जिला सभेला जाता येत नव्हते, संदेश टंकता येत नव्हता, अशा बाईलाही पाठिंबा देता आला. हा ह्या यंत्राचा गुण आहे आणि तो मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे.

सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि गावोगाव, गल्लोगल्ली व्हॉट्सॲपचे गट निघाले. त्या सुमारास महाराष्ट्रात दोन मोठ्या घटना घडल्या. पहिली मराठा क्रांती मूक मोर्चांची. जुलै २०१६ मध्ये नगर जिल्ह्यातील कोपर्डी येथे एका मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. ९ ऑगस्टला औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, पहिला मोर्चा निघाला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांतून लाखोंचे मोर्चे निघाले. मार्ग, वेळ, शिस्तीचे नियम हे सारे फोनवरून घरोघर गेले. ह्या मोर्चांत मुली व स्त्रिया पुढे चालत आणि निवेदनही मुलीच देत, हे आपण विसरता कामा नये.

दुसरी घटना पुणतांब्याची. नगर जिल्ह्यातील ह्या गावच्या ग्रामसभेने एप्रिल २०१७ मध्ये शेतकऱ्यांनी संपावर जावे असा ठराव केला. ठरावाची बातमी फोनवरून राज्यभर गेली आणि १ जूनला खरोखरच संप सुरू झाला. भाजी आणि दूध शहरात जाऊ द्यावयाचे नाही, असे ठरले. ज्यांची टोमॅटो, मेथी-कोथिंबीर आणि दूध ह्यांवर गुजराण चालते अशा नारायणगाव-मंचरच्या लोकांना ह्याचा अर्थ सांगावयास नको. २४ जूनला सरकारने सुमारे चौतीस हजार कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. पुष्कळजण म्हणतात, संप व्हॉट्सॲपने घडविला. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. व्हॉट्सॲपने तो पसरविला. तो जन्मला ग्रामसभेत. आधी बैठक झाली आणि मग फोन वाजला.

आता आपल्या तालुक्यांकडे पाहू. बैलगाडा शर्यतीचा प्रश्न आपल्या घराघरात पोहोचलेला होता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा कायम केला. मधल्या वर्षांत मोर्चे झाले, घाटांच्या आणि बैलांच्या चित्रफिती हातोहात फिरल्या, निवडणुकीत आश्वासने दिली गेली. हा प्रश्न जिवंत ठेवण्यात फोनचा वाटा होता, ह्यात शंका नाही. मला त्या शर्यतीविरुद्ध काही म्हणावयाचे नाही. माझ्या सासरीही गाडा होता. मी एवढेच विचारते की, घाटात चौदा सेकंदांत गाडा गेला ही बातमी जेवढ्या वेगाने पसरली, तेवढ्या वेगाने वाडीवरच्या बाईला हंडा घेऊन किती चालावे लागते ही बातमी कधी पसरली काय? ज्याच्या हातात फोन, त्याचा प्रश्न मोठा. हा नियम पारावरच्या वर्तमानपत्राच्या काळी होता, तोच आजही आहे.

आणि फोन कोणाच्या हातात आहे? २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, आपल्या देशात इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया शंभरात तेहतीस आणि पुरुष सत्तावन्न होते. स्वतः वापरावयाचा मोबाइल असलेल्या स्त्रिया शंभरात चोपन्न होत्या. त्यानंतर हे आकडे पुढे सरकलेही असतील. पण घरातला चांगला फोन मुलाकडे किंवा मालकांकडे आणि जुना, फुटक्या काचेचा बाईकडे, हे चित्र सांगावयास पाहणीची गरज नाही.

शिवाय आपल्या पश्चिम पट्ट्यातील, भीमाशंकरच्या अंगाच्या आणि आहुपे खोऱ्यातील वाड्यांत डोंगरामुळे रेंजचीही अडचण असते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. त्या सकाळी गाव दिसत नाही हे प्रथम ध्यानात आले ते एस.टी.च्या चालकाच्या, आणि त्याच्याकडून बातमी बाहेर गेली. यंत्रे कितीही आली तरी पाहणारा आणि सांगणारा माणूस लागतोच, हे त्या दिवशी आपण फार मोठी किंमत देऊन शिकलो.

ह्या यंत्राची काळी बाजूही सांगितली पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसांना ठार मारले. अशा अफवा तेव्हा फोनवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविता येऊ नये असे बंधन घातले. बातमीची पायरी चढली, पण बैठकीची पायरी वगळून माणसे थेट कृतीवर गेली, तर काय होते ते राईनपाड्याने दाखविले. चार शहाण्यासुरत्या माणसांनी पाच मिनिटे एकत्र बसून विचारले असते की हा संदेश कोणी पाठविला, तर पाच जीव वाचले असते.

बोलणाऱ्या स्त्रीची वाटही येथे सोपी नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका मुलीने मुंबईतील बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंती दिली; दोघींना अटक झाली. त्यावरून श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ रद्द झाले. आज आपण जे मोकळेपणाने लिहू शकतो त्यात ह्या मुलींचा वाटा आहे. कायद्याने वाट मोकळी केली तरी शिव्यांनी ती अडविली जाते. २०१९ च्या निवडणुकीत ९५ स्त्री राजकारण्यांविषयी ट्विटरवर जे लिहिले गेले त्याची पाहणी ॲम्नेस्टी ह्या संस्थेने केली, तेव्हा दर सात उल्लेखांतला एक शिवीगाळीचा किंवा अपमानकारक निघाला. हे वाचून आपल्यापैकी एखादी म्हणेल, त्यापेक्षा गप्प बसलेले बरे. तिला मी दोष देणार नाही. एवढेच म्हणेन की, ओतूरच्या त्या बाईंनी जर असे म्हटले असते तर ज्वारीच्या गाड्या आल्या नसत्या.

आता आपल्या घरची गोष्ट. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतीत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरावयास हवी, आणि तिच्या आधी गावातील स्त्रियांची स्वतंत्र सभा घेणे आपल्या राज्यात कायद्याने बंधनकारक आहे. पश्चिमेकडील आदिवासी गावांना तर १९९६ च्या पेसा कायद्याने आपल्या वाडीचीही ग्रामसभा भरविण्याचा अधिकार दिला आहे. एवढ्या पायऱ्या कायद्याने बांधून दिलेल्या आहेत. आणि आपण काय करतो? महिला सभेचे निमंत्रण गटावर येते, आपण त्याखाली हात जोडल्याचे चित्र टाकतो, आणि सभेच्या दिवशी भाकरी थापीत असतो. कित्येक गावांत नोंदवही घरोघर फिरवून सह्या घेतात असेही कानावर येते. सही झाली, सभा झाली, आणि बाई मात्र चुलीपुढून हललीच नाही.

मंडळाचीही थोडी अशीच अवस्था झाली आहे, हे आनंदाच्या दिवशी सांगताना संकोच वाटतो. पूर्वी बैठकीचा निरोप द्यायला दोन मुली घरोघर जात. तेव्हा निरोप उशिरा पोहोचे, पण बायका येत. आता निरोप एका क्षणात सगळ्यांना पोहोचतो आणि सतरंजी अर्धी रिकामी राहते. गटावर सगळे कळते, मग यायचे कशाला, असे एकीने मला विचारले. तिच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच हा लेख लिहिला आहे, असे समजले तरी चालेल. अगं, कळणे ही पहिली पायरी. ती आता फोनने फुकट करून दिली आहे. सावित्रीबाईंना जे कळवायला पत्र लिहावे लागे, ते आपल्याला बोटाच्या टोकावर मिळते. परंतु दुसरी पायरी, एकत्र बसण्याची, ती फोन आपल्यासाठी चढू शकत नाही. ती चढलो नाही तर तिसरीवर पाऊल पडतच नाही. मग आपल्या वतीने कोणी तरी दुसरा बोलतो आणि आपण अंगठा वर केल्याचे चित्र टाकतो.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवते. एक, दर महिन्याच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटे गटावर आलेल्या गावच्या बातम्या मोठ्याने वाचाव्यात, त्या खऱ्या की खोट्या ते विचारावे आणि त्यांवर बोलावे; १९५६ च्या रेडिओ मंडळांनी केले तेच. जिला वाचता येत नाही किंवा जिच्याकडे फोन नाही, तिला ह्यामुळे कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही. दुसरी, ग्रामसभेआधीच्या महिला सभेला मंडळाने मिळून जावे. आपला प्रश्न कागदावर लिहून न्यावा, जिचा प्रश्न असेल तिनेच तो उभे राहून वाचावा आणि इतिवृत्तात तिचे स्वतःचे नाव लिहून घ्यावे. अमक्याची सून म्हणून नव्हे. तिसरी, आपल्यातील ज्या भगिनी पंचायतीत निवडून आल्या आहेत त्यांचा फोन त्यांच्याच हाती राहील आणि गावच्या गटावर त्याच उत्तर देतील, ह्यासाठी त्यांना लागेल ती मदत आपल्या शिकलेल्या मुलींनी करावी. ही मदत अर्ध्या दुपारची आहे.

फोन वाईट आहे असे मी म्हणत नाही. नातवंडांचे तोंड तो दाखवितो, बाजारभाव सांगतो, दूरच्या भगिनींचे दुःख आपल्यापर्यंत आणतो. १८७७ साली तो असता तर सावित्रीबाईंनी तो खचितच वापरला असता. पण तो वापरूनही त्या कलेक्टरांकडे स्वतः गेल्याच असत्या, ह्याविषयी मला संशय नाही.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी आपली महिला सभा आहे. वेळ आणि जागा गटावर येईलच. सतरंज्या मंडळाच्या कपाटात आहेत, त्या मी आदल्या दिवशी काढून ठेवीन. कोणी कोणता प्रश्न मांडावयाचा ते ह्या महिन्याच्या बैठकीत ठरवू. प्रत्येकीने आपला एक प्रश्न मनाशी योजून यावे.